इसार लहान, जबाबदारी मोठी : पहिल्या घराचा सौदा करताना

व्यापारी घराण्यात शब्दाला किंमत असते. गाठ सोडण्यापूर्वी भाव ठरतो, मूठभर बयाणा हातावर पडतो आणि माल विकला गेला असे दोन्ही बाजू मानतात. पावती मागणे म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणे, असा संस्कार जुन्या पेढ्यांवर होता आणि त्या संस्कारावर कित्येक पिढ्यांचा व्यापार निर्वेधपणे चालला. मात्र त्याच सवयीने एखादे कुटुंब आयुष्यातले पहिले घर घेऊ लागते, तेव्हा तीच सवय त्याला महागात पडू शकते. मालाचा सौदा बिघडला तर हंगामाचा नफा जातो. घराचा सौदा बिघडला तर दहा-पंधरा वर्षांची शिल्लक, घरातील स्त्रियांचे मोडलेले दागिने आणि दुकानाचे खेळते भांडवल एकदमच अडकून पडते.

मुंबई–गोवा महामार्गावर नागोठणे आणि कोलाड यांच्या दरम्यान खांब हे गाव लागते. एका बाजूस अंबा नदीकाठचे नागोठणे, दुसऱ्या बाजूस कुंडलिकेच्या खोऱ्यातील कोलाड आणि रोहा, उत्तरेकडे पेण. नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, रोह्याजवळील धाटावची औद्योगिक वसाहत आणि रोह्यापासून सुरू होणारा कोकण रेल्वेचा मार्ग यांमुळे हा पट्टा केवळ भातशेतीचा राहिलेला नाही. या भागातील बाजारपेठांत दुकान पुढे, बिऱ्हाड मागे किंवा माडीवर, तेही बहुधा भाड्याचे, अशी राहणी पुष्कळांच्या परिचयाची आहे. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि रस्त्याकडेच्या घरा-दुकानांचे जुने हिशेब बदलले. अशा वेळी थोडीशी रक्कम हाताशी असलेले तरुण जोडपे एखादे जुने घर किंवा नव्या इमारतीतील सदनिका पाहते, पसंत करते, आणि पहिला प्रश्न उभा राहतो : इसार किती द्यायचा?

खरे पाहता हा प्रश्न तिसरा किंवा चौथा असायला हवा.

इसाराने घर आपले होत नाही

सोने, कापड, धान्य यांच्या व्यवहारात ताबा आणि मालकी बहुधा बरोबरच हातात येतात. स्थावराचे तसे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये विक्रीचा करार आणि विक्री यांत स्पष्ट भेद केलेला आहे. विक्रीचा करार झाला म्हणजे ठरलेल्या अटींवर पुढे विक्री व्हावयाची एवढेच ठरले. त्या कराराने घरावर कोणताही हक्क आपोआप निर्माण होत नाही. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. कुलमुखत्यारपत्र, मृत्युपत्र आणि साधा करार यांची मोट बांधून घर ‘विकण्याची’ जी पद्धत रूढ झाली होती, तिने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

म्हणजे या वाटेवर तीन टप्पे आहेत. इसारपावती हा पहिला, साठेखत हा दुसरा आणि खरेदीखत हा तिसरा. पहिल्या टप्प्यावर घर आपले नसते. आपल्या हाती फक्त एक वचन असते. ते वचन किती भक्कम, हे दिलेल्या रकमेवरून ठरत नाही. कागदावर काय लिहिले आहे आणि त्यावर कोणाकोणाच्या सह्या आहेत, यावरून ते ठरते.

पैसे आधी की चौकशी आधी?

या बाबतीत परदेशातील एक पद्धत विचार करण्याजोगी आहे. इंग्लंडमध्ये घराची किंमत तोंडी ठरली तरी दोन्ही पक्ष मोकळे असतात. मग खरेदीदाराचा वकील मालकीहक्क, स्थानिक संस्थेच्या नोंदी, रस्ते-पाणी यांची चौकशी करतो. बँकेची मंजुरी येते. आणि हे सर्व झाल्यावरच दोन्ही पक्ष सह्या केलेल्या कराराच्या प्रती एकमेकांना देतात. त्या क्षणी इसार दिला जातो. तो किमतीच्या दहा टक्के असण्याची रूढी आहे. पहिले घर घेणाऱ्यांच्या बाबतीत विक्रेत्याच्या संमतीने कमीही घेतला जातो. त्या देवाणघेवाणीनंतर मात्र कोणालाही सहजी माघार घेता येत नाही.

आपल्याकडे क्रम नेमका उलटा पडतो. घर आवडले, दलालाने ‘आज दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ म्हणून सांगितले, की त्याच संध्याकाळी रक्कम दिली जाते. आणि वकील, सातबारा, बँक यांची आठवण त्यानंतर होते. अडचण नंतर निघाली तर बोलणी करण्याची ताकद विक्रेत्याकडे गेलेली असते, कारण पैसा त्याच्या हाती आहे. थोडा इसार असलेल्या कुटुंबाला हा उलटा क्रम अधिक जाचतो. श्रीमंत माणूस लाखभर रुपये सोडून देऊ शकतो. पहिल्या घराच्या गिऱ्हाइकाकडे तो लाख रुपये हीच सगळी पुंजी असते.

मुहूर्ताचा आग्रहही या घाईत भर घालतो. अक्षय तृतीया, दिवाळी पाडवा किंवा लाभपंचमी हातची जाऊ नये म्हणून कागद न पाहता इसार देणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी सव्वा रुपया आणि श्रीफळ देऊन शकुन जरूर करावा. हा शकुन आहे, इसार नव्हे, हे दोघांनी मोकळेपणाने बोलून घ्यावे. मुहूर्तही साधतो आणि चौकशीला पंधरा दिवसही मिळतात.

कोकणातील कागदांची भाषा

रायगड म्हणजे पूर्वीचा कुलाबा जिल्हा. येथील जमिनीचा इतिहास खोती आणि कुळवहिवाटीचा आहे. अलिबागजवळच्या चरी येथे १९३३ मध्ये सुरू झालेला आणि पुढे काही वर्षे चाललेला कुळांचा संप याच जिल्ह्यातला. १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला, १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्यास जमीन मिळाली. त्या न्याय्य बदलाच्या खुणा आजही सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात दिसतात. ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी नोंद असेल, किंवा जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर विक्रीपूर्वी कोणती परवानगी अथवा कोणती रक्कम भरणे आवश्यक आहे, हे तहसील कार्यालयातून समजून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

व्यापारी कुटुंबांना आणखी एक गोष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे. कुळकायद्याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सरसकट विकत घेता येत नाही. ‘प्लॉट’ म्हणून दाखवली जाणारी जागा कागदावर अजून शेती असेल तर तिचा इसार देणे म्हणजे नसत्या झगड्यात उडी घेणे होय. बिनशेती आदेश किंवा गावठाणातील हद्द यांपैकी एक कागद हाती असलाच पाहिजे. एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांच्या बाबतीत १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि त्यातील अलीकडचे बदल यांची खात्री दुय्यम निबंधकाकडे करून घ्यावी. कातकरी, ठाकूर इत्यादी आदिवासी बांधवांची जमीन बिगर-आदिवासींस देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कडक बंधने आहेत. ती त्यांच्या रक्षणासाठी आहेत आणि पळवाटा शोधून ती ओलांडण्याचा विचारही कोणी करू नये. डोंगरकडेच्या जमिनीवर १९७५ च्या खाजगी वन कायद्याची नोंद आहे काय, हेही पाहावे.

गावठाणातील जुन्या कौलारू घराची गोष्ट आणखी वेगळी. अशा घराला पुष्कळदा सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवला जातो. तो कराच्या आकारणीचा कागद आहे; मालकीचा पुरावा म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप होऊन मालमत्ता पत्रके देण्याचे काम सुरू झाले आहे. ज्या घराचे असे पत्रक तयार आहे, त्याचा व्यवहार तुलनेने सुकर ठरतो आणि बँकही त्याकडे अधिक अनुकूलतेने पाहते.

महामार्गालगतच्या घराबाबत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. भूसंपादनात त्या जागेपैकी काही भाग गेला आहे काय, आणि रस्त्यापासून बांधकामाचे अंतर नियमाप्रमाणे आहे काय? तसेच अंबा आणि कुंडलिका या दोन्ही नद्यांच्या पुराचा अनुभव या पट्ट्याला नवा नाही. पावसाळ्यात पाणी कुठवर चढते, हे दलालापेक्षा शेजारची म्हातारी माणसे अधिक खरेपणाने सांगतात.

सह्या कोणाच्या?

कोकणातील जुन्या घराचा मालक म्हणून एक काका गावात राहतात. परंतु त्यांचे भाऊ गिरगावात, पुतणे डोंबिवलीत आणि बहिणी सासरी असतात. घर वडिलोपार्जित असेल तर या सर्वांचा वाटा असू शकतो. ९ सप्टेंबर २००५ पासून अंमलात आलेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने मुलींना सहदायादाचा हक्क मुलांप्रमाणेच दिला आणि २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचे स्पष्ट केले. हा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. तेव्हा ‘बहिणी काही बोलणार नाहीत’ या आश्वासनावर घर घेऊ नये. वारसांची नोंद, वंशावळ आणि सर्व हिस्सेदारांच्या सह्या इसारपावतीवरच असाव्यात. निदान त्यांची लेखी संमती जोडलेली असावी.

मागील तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घेण्याची रूढी आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन पाहता येते. पण खेड्यांतील जुन्या नोंदींसाठी कार्यालयात जाऊन पुस्तके पाहणारा जाणकार माणूसच उपयोगी पडतो. स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवणे हा थोडा खर्च आहे, पण तो वाचवू नये. महाराष्ट्रात दाव्याधीन मालमत्तेबाबत दाव्याची नोटीस नोंदवण्याची विशेष तरतूद आहे. म्हणून शोध घेताना अशी नोटीस नोंदली आहे काय हेही पाहिले जाते.

कर्जाचे गणित इसाराआधी

रोह्याशी घरचे नाते असलेले चिंतामणराव देशमुख १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्या बँकेच्या आजच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या जास्तीत जास्त ९० टक्के, तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के एवढेच कर्ज बँका देऊ शकतात. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. शिवाय दहा लाखांहून अधिक किमतीच्या घराच्या बाबतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या मूल्यात धरला जात नाही. तो स्वतःच्या खिशातून करावा लागतो.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा, घराची ठरलेली किंमत २४ लाख रुपये आहे. नव्वद टक्के कर्ज मिळेल असे धरून कुटुंबाने २ लाख ४० हजारांची तयारी केली आणि एक लाख इसार दिला. बँकेच्या मूल्यांकनकाराने मात्र घराचे मूल्य २० लाख ठरवले. त्याचे नव्वद टक्के १८ लाख होतात. म्हणजे कुटुंबाला २ लाख ४० हजारांऐवजी ६ लाख उभे करावे लागतील. ३ लाख ६० हजारांची तूट पडली. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील आणि दुरुस्ती वेगळीच. ही तूट भरता आली नाही तर सौदा मोडतो, आणि मोडणारा पक्ष खरेदीदार ठरतो. इसार बुडतो तो येथे.

दुकानदार कुटुंबांना दुसरीही अडचण येते. बँक धंद्याचे उत्पन्न गल्ल्यावरून ठरवीत नाही. मागील दोन-तीन वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांवरून ठरवते. कर वाचावा म्हणून कमी दाखवलेले उत्पन्न कर्जाच्या वेळी तितकेच कमी मोजले जाते. म्हणून घर शोधण्यापूर्वीच बँकेकडे जाऊन आपली पात्रता लेखी घ्यावी. ज्या घरावर नजर आहे त्याच्या कागदांवर बँक कर्ज देईल काय, हेही बँकेच्या पॅनेलवरील वकिलाला आधी विचारावे.

नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, कमाल ३० हजार रुपये, अशी राहिली आहे. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर आकारले जाते आणि त्याचा दर ग्रामपंचायत, नगरपरिषद यांनुसार बदलतो. निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास एप्रिल २०२१ पासून त्यात एक टक्क्याची सवलत दिली गेली आहे. गृहलक्ष्मीच्या नावे घर घेण्यात कायद्याचा लाभ आहे आणि तिच्या वृद्धापकाळाचा आधारही आहे.

पावतीत काय लिहावे

इसारपावती एका पानाची असली तरी चालेल. ती अर्धवट असता कामा नये. तिच्यात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात.

घराचे पूर्ण वर्णन : गट किंवा भूमापन क्रमांक, घर क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा. एकूण किंमत, दिलेला इसार आणि उरलेली रक्कम कोणत्या टप्प्यांनी द्यावयाची. साठेखत आणि खरेदीखत कोणत्या तारखेपर्यंत करावयाचे. मालकीहक्क निर्वेध न आढळल्यास इसार किती दिवसांत परत करावयाचा. घरावर बोजा असल्यास तो कोणी आणि केव्हा फेडावयाचा. ताबा केव्हा, आणि त्या दिवसापर्यंतची घरपट्टी व वीजबिल कोणाकडे.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचे एक कलम आहे, आणि ते बहुतेक पावत्यांत नसते : ‘अमुक मुदतीत अमुक रकमेचे कर्ज मंजूर न झाल्यास इसार पूर्ण परत केला जाईल.’ थोड्या भांडवलावर घर घेणाऱ्याने या एका वाक्यासाठी हट्ट धरावा. विक्रेता प्रामाणिक असेल तर तो पंधरा-वीस दिवसांची अशी मुदत नाकारणार नाही.

पावती झाल्यावर लगेच साठेखत करून ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करण्याची मुदत कायद्यात आहे. ताबा घेऊनही साठेखत नोंदवलेले नसेल तर २००१ च्या दुरुस्तीनंतर ताब्याचे संरक्षण मिळत नाही, हे विसरू नये. नोंदणीकृत साठेखताचा मोठा लाभ असा की, तेच घर दुसऱ्यास विकण्याचा प्रयत्न झाला तर शोध घेणाऱ्याला ही नोंद दिसते आणि ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ असे त्याला म्हणता येत नाही.

सौदा मोडला तर

इसार जप्त होतो काय, हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. न्यायालयांनी त्याचे उत्तर दोन भागांत दिले आहे. १९६३ च्या फतेहचंद खटल्यात एक लाख बारा हजार पाचशे रुपयांच्या सौद्यात एक हजार रुपये इसार म्हणून आणि नंतर चोवीस हजार रुपये दिले होते. खरेदीदाराने सौदा पूर्ण केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने एक हजार जप्त होऊ दिले. चोवीस हजारांबाबत मात्र ती रक्कम इसार नव्हे, किमतीचा भाग आहे, आणि करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईच मागता येईल, असे ठरवले. २०१२ च्या सतीश बत्रा खटल्यात सत्तर लाखांच्या सौद्यातील सात लाख रुपये खरेदीदाराच्या चुकीमुळे जप्त करण्यास मान्यता मिळाली, कारण ती रक्कम करार पाळण्याची हमी म्हणून दिल्याचे करारात स्पष्ट होते.

यावरून व्यवहारी बोध असा निघतो : इसार म्हणून लिहिलेली रक्कम शक्य तितकी लहान ठेवावी आणि त्यापुढील रक्कम ‘किमतीपोटी आगाऊ’ अशा शब्दांत वेगळी दाखवावी.

विक्रेत्यानेच माघार घेतली तर? १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर करार प्रत्यक्ष पुरा करून मागण्याचा खरेदीदाराचा हक्क अधिक बळकट झाला आहे. परंतु आपण सदैव तयार आणि इच्छुक होतो, पैशाची सोय होती, हे खरेदीदाराला दाखवावे लागते. बँकेचे मंजुरीपत्र, पाठवलेली पत्रे आणि नोटिसा जपून ठेवाव्यात. दावा करण्याची मुदत ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांची आहे. तारीखच ठरलेली नसेल तर विक्रेत्याने नकार दिल्याचे कळल्यापासून.

नव्या इमारतीतील सदनिका

पेण, रोहा, कोलाड येथे नव्या इमारती उभ्या राहत आहेत. तेथे २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, पहिल्या घराच्या गिऱ्हाइकाचा मोठा आधार आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ताबा वेळेत न मिळाल्यास व्याजासह रक्कम परत मागता येते. प्रकल्पाची नोंद, मंजूर नकाशे आणि ताब्याची तारीख महारेराच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला ही नोंदणी सक्तीची नाही. तालुक्याच्या गावांतील लहान इमारती याच मर्यादेत बसतात. तेथे १९६३ चा महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आधाराला येतो. त्यातही नोंदणीकृत करार केल्याशिवाय आगाऊ रक्कम घेऊ नये अशी तरतूद आहे आणि ती रक्कम किमतीच्या २० टक्क्यांपुढे जाऊ नये. ‘बुकिंग’ची साधी चिठ्ठी घेऊन समाधान मानू नये.

रोकडीचा मोह

‘थोडे पांढरे, थोडे काळे’ ही भाषा घरव्यवहारात अजून ऐकू येते. १ जून २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारापोटी वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. हा दंड घेणाऱ्यावर पडतो. पण देणाऱ्याचे नुकसान त्याहून मोठे आहे. रोखीने दिलेल्या इसाराचा पुरावा उरत नाही, बँक तो स्वतःच्या हिश्शात धरत नाही आणि सौदा मोडला तर मागायचे कोणत्या आधारावर? एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, दोन लाख वा अधिक रोख दिल्याचा उल्लेख ज्या दाव्यात येईल, त्याची माहिती न्यायालयाने प्राप्तिकर विभागाला कळवावी. पन्नास लाख वा त्याहून अधिक किमतीच्या घरात खरेदीदाराने एक टक्का कर कापून भरण्याचे बंधनही २०१३ पासून आहे.

वचन आणि कागद

श्रावकाच्या परिग्रह-परिमाणात क्षेत्र आणि वास्तू यांचा उल्लेख प्रथम येतो, हे योगायोगाने नसावे. जमीन आणि घर यांविषयीची आसक्ती माणसाला सर्वांत लवकर बांधते. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि न्यासापहार हे दोन सांगितले आहेत : खोटा कागद करणे आणि विश्वासाने ठेवलेली ठेव दडपणे. किंमत कमी दाखवून केलेले खत पहिल्यात मोडते. इसार घेतल्यावर अधिक भाव देणारा दिसला म्हणून टाळाटाळ करणे आणि गरजू खरेदीदाराची रक्कम महिनोन्महिने वापरणे दुसऱ्याच्या फार जवळ जाते. व्यापारी कुटुंबे कधी खरेदीदार असतात, कधी विक्रेते. दोन्ही बाजूंना हा विचार लागू आहे.

चोख कागदाने शब्दाचा मान कमी होत नाही. वडीलधाऱ्यांच्या काळी रोजमेळ आणि खतावणी रोज लिहिली जात असे, ती कोणावर संशय होता म्हणून नव्हे. माणसाची आठवण आणि माणसाचे आयुष्य दोन्ही अपुरी असतात म्हणून. आज व्यवहार करणारे दोघे उद्या नसतील, त्यांची मुले असतील. त्या मुलांना भांडणाऐवजी घर मिळावे, एवढ्यासाठी पंधरा दिवस थांबून चौकशी करावी, बँकेचे पत्र हाती घ्यावे, सर्वांच्या सह्या घ्याव्यात, रक्कम धनादेशाने अथवा खात्यातून द्यावी आणि साठेखत नोंदवावे. हा क्रम पाळणाऱ्या कुटुंबाचा इसार एक लाखाचा असो वा अकरा हजारांचा, त्याचा पाया पक्का राहतो. वास्तुशांतीच्या दिवशी उंबरठ्यावर पाऊल ठेवताना मग मागे वळून पाहण्याची पाळी येत नाही.